खाली कुणी नाही

प्रिय सिल्वी,

आधी मुद्द्याचं बोलते. शनिवारच्या स्कीच्या राज्य स्पर्धेच्या यादीतून तुझ्या लेकीचं, ब्रिटाचं, नाव मी काढलंय आणि ते मी परत घालणार नाही. मुख्याध्यापकांनी सांगितलं तरी नाही, तू माझ्या दारात येऊन ठिय्या दिलास तरी नाही. तू त्यांना लिहिलेलं पत्र त्यांनी मला वाचायला दिलं. ‘प्रशिक्षक श्रीमती कंगास मुलींच्या खासगी गोष्टींत नको तितकं नाक खुपसतात.’ श्रीमती कंगास! अगं, सहावीत तुझ्या दप्तरात मी बर्फ भरला होता, तेव्हासुद्धा तू मला लोर्नाच म्हणाली होतीस, पुढे दोन शिव्या जोडून का होईना. ते वाचून माझं डोकं इतकं भणभणलं की मी सरळ मागच्या अंगणात गेले आणि कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडत सुटले. आता एप्रिलपर्यंत पुरतील एवढी फोडून झालीत, हात भरून आलेत, म्हणून अक्षर असं आलंय. घाबरून नाही, एवढं लक्षात ठेव.

आपल्या मुख्याध्यापकांचं, त्या ट्रेव्हॅरोंचं, काय सांगू तुला! मला खुर्चीत बसवलं, दार लावलं, मग परत उघडलं, मग अर्धवट लावलं. ‘लोर्ना, ते... मुलींचं ते महिन्याचं जे काही असतं, ते तू म्हणे लिहून घेतेस?’ मी म्हटलं, ‘साहेब, पाळी म्हणतात त्याला. म्हणून बघा, दात पडत नाहीत.’ बिचारे कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले आणि टेबलावरचे कागद सारखे करायला लागले. मी त्यांना समजावून सांगितलं, की मी काही लिहून घेत नाही. माझ्या चौदा मुलींकडे चौदा वह्या आहेत, ज्या त्या मुलीच्या बॅगेत असतात, जिला दाखवायची ती दाखवते. त्यांनी ऐकून घेतलं, दोनदा खोकले आणि म्हणाले, ‘ते सगळं ठीक आहे. पण शुक्रवारी दुपारपर्यंत ब्रिटाचं नाव यादीत आलं पाहिजे, नाहीतर शिट्टी माझ्या टेबलावर.’ मी उठले आणि म्हटलं, ‘नाव येणार नाही, आणि शिट्टी काढून घ्यायची असेल तर माझ्या गळ्यातून तुम्हालाच काढावी लागेल.’ त्यांचा हात काही पुढे आला नाही. शुक्रवार उद्यावर आलाय.

त्या वह्यांवरून तू गावभर बोंब मारलीस म्हणून सांगते त्यात काय असतं. तारीख, झोप, जेवण, पाय कसे वाटले, आणि पाळीचा दिवस. बस. आणि त्यातून काय काय कळतं माहितीये? माझी एक पोरगी पाळीच्या दुसऱ्या दिवशी अशी सुटते की स्की बर्फाला टेकत नाहीत. दुसरी पाळीच्या चार-पाच दिवस आधी शिशाची होते. तीच चढण, तोच वेग, पण छाती धडधडते, अंग भाजल्यासारखं होतं, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. पूर्वी ती अशा दिवशी शेडमागे जाऊन रडायची, ‘मी संपले, मला जमत नाही’ म्हणत. आता वही उघडते, बोट ठेवते आणि म्हणते, ‘हं, तरीच!’ आणि त्या दिवशी मी तिला हलकं काम देते. तिसरीला कशानेच काही फरक पडत नाही, ती बाई खुशाल सँडविच खात चढण चढते. सगळ्यांचं एकसारखं असं काही नसतं. मोठमोठ्या अभ्यास करणाऱ्यांचंही अजून एकमत नाही, मग मी कशाला छातीठोकपणे सांगू? पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे. महिन्यामागून महिने पाळी आलीच नाही, तर ते तयार झाल्याचं लक्षण नव्हे. बहुतेक वेळा पोरगी जेवढं झिजतेय तेवढं तिच्या पोटात जात नाहीये. मग अंग आधी तो विभाग बंद करतं आणि त्यानंतर हाडांकडे वळतं. हे तुला कुणी सांगितलं नाही. मलाही नाही. आपल्याला नेमकं उलटं सांगितलं होतं.

शाळेमागचा सौना, आपली ती वाफेची खोली, आठवते ना? सौना अजून तसाच आहे, दाराची कडी तेवढी नवी बसवलीय. बसायच्या त्या दोन फळ्या. वरची जीव काढणारी, खालची सोसवेल अशी. पाळी असली की वरच्या वाफेत गरगरायचं, म्हणून मुली त्या दिवसांत खाली बसायच्या. इतकी साधी सोय होती ती, कुणी नियम केला नव्हता की कुणी लाजत नव्हतं. मग आपले कोच हार्जू कुठल्याशा प्रशिक्षण शिबिराला जाऊन आले आणि तिथे त्यांना कुणीतरी कानमंत्र दिला, की मुलगी खरी तयार झाली की तिची पाळी थांबते. झालं! त्यानंतर दर शनिवारी सरावानंतर ते लाकडं घेऊन दाराशी यायचे, ओंडक्याने दोनदा ठोकायचे आणि विचारायचे, ‘पोरींनो, खाली कुणी आहे का?’ आणि आपण बेंबीच्या देठापासून ओरडायचो, ‘खाली कुणी नाही!’ बाहेरून आवाज यायचा, ‘शाब्बास माझ्या पोरींनो!’ आत येऊन बघायची त्या देवमाणसाची कधी टाप नव्हती. आपण काय सांगू त्यावर त्यांचा सगळा कारभार.

आपण तर त्याची आरोळीच करून टाकली. शर्यतीच्या सुरुवातीला गोल करायचा, काठ्या बर्फावर आपटायच्या आणि ओरडायचं, ‘खाली कुणी नाही!’ दुसऱ्या शाळांच्या मुली बावचळून बघायच्या. एकीने येऊन विचारलंसुद्धा होतं, ‘खाली म्हणजे कुठे गं, दरीत का?’ आपण हसून हसून लोळलो होतो. मी कॅप्टन होते, माझा आवाज सगळ्यांत मोठा. त्या वर्षी सलग आठ महिने मी खालच्या फळीवर बसले नव्हते आणि ते मी सगळ्यांना येता-जाता ऐकवायचे. काळा पोहण्याचा पोशाख घालून वरच्या फळीच्या कोपऱ्यात राणीसारखी बसायचे. एकदा तिथून भोवळ येऊन तुझ्या अंगावर कोसळले होते, आठवतं? सगळ्या म्हणाल्या, तापलेल्या दगडांवर पाणी जास्त पडलं, वाफ फार झाली. तू मला बाहेर ओढत नेलंस आणि माझ्या तोंडावर बर्फ चोळलास. तेव्हा तू पंधरा वर्षांची होतीस, आपल्यात सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत वेगवान.

आणि मग डिसेंबरातला तो शनिवार. तू आत आलीस, टॉवेल आपटलास आणि खाली बसलीस. अगदी सहज, दुसरं काही मनात नसताना. मी वरून म्हटलं, ‘काय सिल्वीबाई, पाहुण्या म्हणून आलात का? खाली बसणाऱ्यांना पदकं पोस्टाने येत नाहीत हं.’ सगळ्या फिदीफिदी हसल्या. तूही हसलीस, पण तुझे कान लाल झाले होते, आणि ते वाफेने झाले नव्हते. नंतर कपडे बदलताना तू हळूच विचारलंस, ‘लोर्ना, तू काय करतेस गं? तुझी कशी थांबली?’ मी काय सांगितलं ते तुला माझ्यापेक्षा नीट आठवत असेल. लोणी बंद कर, म्हटलं. रात्रीचं जेवण बंद कर, सकाळी शाळेआधी जास्तीचे पाच मैल जा. तू प्रत्येक शब्द पाळलास. डब्यातली आईच्या हातची मांस-बटाट्याची पॅस्टी तू बसस्टॉपवरच्या कुत्र्याला घालायचीस; त्या हिवाळ्यात तो कुत्रा माजला होता नुसता. जानेवारीत तू वरच्या फळीवर आलीस. मी सरकून तुला जागा दिली आणि पाठीवर थाप मारली. तुझ्या पाठीची हाडं हाताला लागली, आणि मला वाटलं, व्वा, काय तयार झालीय!

फेब्रुवारीत तुझ्या जांघेत कळ यायला लागली. मंगळवारी एक्स-रे काढला, तो साफ आला. कोच म्हणाले, ‘स्नायू आहे, शेकून घे.’ शनिवारी राज्य स्पर्धा झाली. शेवटच्या चढणीला तू पहिली होतीस, मी मागून बघत होते. उतारावरच्या वळणावर तुझा पाय वळला नाही, तुझ्याखालून निघूनच गेला. मी तुझ्याजवळ पोचले तेव्हा तू रडत नव्हतीस, तू मला सांगत होतीस, ‘तू थांबू नकोस, तू जा.’ आणि मी गेले, सिल्वी. मी गेले आणि तिसरी आले. तुझ्या खुब्यात तीन स्क्रू बसले, आणि तू परत कधी स्कीवर उभी राहिली नाहीस. लोक म्हणाले, वळणावर बर्फ कडक होता. एकतीस वर्षं गाव तेच म्हणतंय.

कोच हार्जू देवाघरी जायच्या आधी मी त्यांच्याकडे वरचेवर जायचे. एकदा मी त्यांना सगळं उलगडून सांगितलं, पाळी का थांबते ते, हाडांचं काय होतं ते. ते म्हणाले, ‘मला वाटायचं ती चांगली खूण आहे. मी विचारणार कुणाला होतो गं? बायकोला? ती तर दुकानात तो खोका वर्तमानपत्रात गुंडाळून घ्यायची.’ आणि म्हातारा रडला. मला त्यांचा राग येत नाही. पण त्यांची ती ओंडक्याची ठकठक मी बंद केली. आता शनिवारी मीच पोरींबरोबर आत बसते, आणि खालच्या फळीवर कुणी असलं तर तिला पहिला खाऊ मिळतो. माझ्या पोरी आता खाली बसायला भांडतात, काही तर उगीच बसतात लबाड!

ब्रिटाही बसायची. दर अठ्ठावीस दिवसांनी, अगदी घड्याळ लावल्यासारखी. वहीतही लाल टिंब बरोबर अठ्ठाविसाव्या दिवशी. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. सोळा वर्षांची पोर, आठवड्याला साठ-साठ मैल करते, मध्ये परीक्षा, मध्ये सर्दीताप, आणि ही एक दिवससुद्धा इकडेतिकडे नाही? तशात तिची बोटं सारखी गार, चेहरा ओढलेला, आणि बसमध्ये सगळ्या खादाडासारख्या चरत असताना ही खिडकीबाहेर बघत बसलेली. गेल्या शनिवारी बाकीच्या बर्फात लोळायला बाहेर पळाल्या, तेव्हा मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, ‘ब्रिटा, तुझी टिंबं फार शहाणी आहेत गं.’ तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सप्टेंबरपासून पाळी आली नव्हती, पाच महिने. आपण पाळी येत नाही म्हणून मिरवायचो, आणि तुझी लेक ती येते असं दाखवायला खोटी टिंबं काढत होती, मी तिला थांबवीन या भीतीने. मग हळूच म्हणाली, ‘आणि कोच, इथे दुखतं.’ हात जांघेवर ठेवला होता तिने. तोच हात, तीच जागा! सिल्वी, तिथेच मी तिचं नाव यादीतून काढायचं ठरवलं.

तिने शब्द दिला तसं रविवारी तुला सगळं सांगितलं, आणि तू काय म्हणालीस तेही तिने मला सांगितलं. ‘माझीही थांबायची, खेळणाऱ्यांची थांबतेच. गेल्या आठवड्यात काढलेला एक्स-रे साफ आहे. गोळी घे आणि धाव, कॉलेजचे कोच बघायला येणार आहेत.’ अगं बाई, तुझाही साफ होता! अशी बारीक चीर एक्स-रेमध्ये सुरुवातीला दिसत नाही, तिला एमआरआय लागतो. मी शहरातल्या मोठ्या इस्पितळात तिच्यासाठी सोमवारची सकाळ धरून ठेवलीय. आई म्हणून सही तुझी लागेल. चीर निघाली तर काही महिने बसेल, पोटभर खाईल, आणि पुढच्या हिवाळ्यात माझ्या छातीवर पाय देऊन पुढे जाईल. नाही निघाली तर मला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. चालेल, मी त्याला तयार आहे. पण तिला मी त्या उतारावर सोडणार नाही. तू मला कोर्टात खेच, गावात माझं नाव टाक, दुकानात मला बघून दुसऱ्या रांगेत उभी राहा. तसंही गेली कित्येक वर्षं तू उभी राहतेसच.

खरं तर हे सगळं तुला समोर येऊन, भांडून सांगता आलं असतं, आणि त्यात मजाही आली असती. पत्र लिहायला बसवलं ते ब्रिटाने. त्या शनिवारी डोळे पुसून झाल्यावर तिने मला विचारलं, ‘कोच, मम्मी म्हणते तुमची पण थांबली होती, आठ महिने. मग तुमचं हाड कसं नाही मोडलं?’ एकतीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. माझं हाड मोडलं नाही, सिल्वी, कारण माझी कधी थांबलीच नव्हती. एक महिनासुद्धा नाही. लोणी मी सोडलं नव्हतं, रात्रीचं जेवण सोडलं नव्हतं, तुझी पॅस्टी कुत्र्याला जायची तेव्हा मी घरी जाऊन दोन-दोन हाणायचे. त्या काळ्या पोशाखात, पोटात कळा येत असताना, मी वरच्या फळीवर बसायचे, कारण कॅप्टन खाली बसलेली मला कुणाला दिसू द्यायची नव्हती. ती भोवळ पाण्याने आली नव्हती. ‘खाली कुणी नाही’ असं सगळ्यांत मोठ्याने मी ओरडायचे आणि सगळ्यांत मोठं खोटं माझं होतं. तू माझ्यासारखी व्हायला गेलीस, आणि मी तशी नव्हतेच. हे मी ब्रिटाला त्याच फळीवर बसून सांगितलं. ती म्हणाली, ‘हे मम्मीला सांगितलंय तुम्ही?’ मी नाही म्हणून मान हलवली. ती म्हणाली, ‘मग मी माझं तुम्हाला सांगितलं, आता तुम्ही तुमचं मम्मीला सांगा.’ तुझीच लेक शोभते! तर सांगितलं. माफ कर म्हणत नाही, तेवढं तोंड मला नाही. मला रागाव, माझ्या नावाने खडे फोड, पण तो राग पोरीच्या पायावर काढू नकोस, सोमवारी सही कर. आणि उद्या शिट्टी जाणारच, तेव्हा शनिवारी सगळा गाव शर्यतीला गेला तरी मी सौनाची चूल पेटवणार आहे, ब्रिटा येतेय. माझी पाळी तर आता कायमची जायला आलीय, वरच्या फळीचा हक्क वयानेच मिळालाय मला. तरी मी खालीच बसणार. येऊन दारावर दोनदा ठोक आणि विचार, खाली कुणी आहे का. या वेळी खरं उत्तर मिळेल.

खालच्या फळीवरून, एकतीस वर्षं उशिरा,
तुझीच
लोर्ना